जित्ती बोंबी

किन्हीराजात कोणाचंही पोट दुखो, कारण ठरलेलं: बोंबी सरकली. म्हणजे बेंबी हो! मग त्या माणसानं आदल्या दिवशी चार माणसांचं जेवण एकट्यानं का हाणलं असेना. आणि सरकलेली बोंबी जागेवर आणणारी साऱ्या पंचक्रोशीत एकच, पंचफुला. उपाशीपोटी रोग्याला उताणं निजवायचं आणि बेंबीत अंगठा रोवायचा. आतल्या नाडीचा ठोका मधात लागला तर ठीक, बाजूला लागला तर रेटत रेटत मधात आणायचा. रोगी बोंबलायला लागला की समजायचं, गुण येऊन राह्यला!

तिचा नवरा इंद्रभान म्हणजे या विद्येचा चालताबोलता दाखला. साठी उलटलेला बुढा, बिडीवर बिडी ओढणारा. त्याच्या पोटातला ठोका असा जबर की बनियनवरून दिसावा. पंचफुला तो दर सोमवारी रेटायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, "पाहा माय, याले म्हंतात जित्ती बोंबी!" बोंबी लिंबाएवढी होती, ती मोसंबीएवढी झाली. बाईचा तोराही त्याच मापानं वाढला.

चौऱ्याहत्तर साली जवळच्याच मालेगावच्या शाळेत नागपूरच्या एका डॉक्टरनं शिबिर लावलं. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना बाकावर निजवून तो पोटं चाचपत होता. पंचफुला मुद्दाम नवऱ्याला घेऊन गेली. म्हटलं, पाहू तर खरं, कालचं पोरगं काय दिवे लावते ते! डॉक्टरनं इंद्रभानच्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि त्याचा चेहराच बदलला.

"बाबा, ही बेंबी नाही. हृदयापासून खाली येणारी रक्ताची मोठी नळी फुगली आहे. फुटली तर पाणी मागायलाही वेळ मिळायचा नाही. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. आणि पोट कोणालाही दाबू देऊ नका."

"अन् आजवर दाबलं ते?" पंचफुलानं विचारलं.

"कोणी दाबलं?"

पंचफुलाला एकदम पदर सावरायची आठवण झाली.

घरी येईस्तोवर इंद्रभाननं निकाल लावून टाकला होता. ओसरीवर बोंबी दाखवायला आलेल्या बाया सकाळपासून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सदरा काढून तो उताणा पडला. "त्या पोट्ट्याले काय समजते? बसव तू बोंबी."

पंचफुलाचा अंगठा पुढे गेला आणि थबकला. ते आत ठोके देतच होतं. इतकी वर्षं ज्याला ती शाबासकी देत आली, त्याची आज तिला धडकी भरली.

"उठा. नागपूरले जाऊ."

"काहून? साऱ्या गावाची बोंबी बसवतं, अन् घरच्याले चाकू? मी नाई जात. नाईतर या बायांसमोर सांग, का तुले काईच समजत नाई. मंग जातो."

वा रे पठ्ठ्या! बायकोची अब्रू आणि स्वतःचा जीव एकाच डावावर लावून बुढा मजेत पडला होता.

"मले काई समजत नाई," पंचफुला म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा ओरडली, "नाई समजत मले! माह्याच हातानं मारून राह्यली होती मी तुमाले! उठा ना जी!" आणि ती सर्वांदेखत ढसाढसा रडली.

इंद्रभानची मस्करी कुठल्या कुठे गेली. तो गुमान उठला, सदरा घातला आणि गाडीची चौकशी करायला निघाला.

ओसरीवरच्या बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांतली रुपाबाई पुढे सरकली, मोकळ्या झालेल्या जागेवर उताणी पडली आणि म्हणाली, "त्यायचं राहू दे माय. माही बोंबी पाहा पयले, सकाळपासून उपाशी हाओ."