आता तुम्ही मला सांगा

एझ्राकाका वावेकरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी इथल्या मराठी मंडळाने मला लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. इथे डॉक्टर, इंजिनियर लिहिणार. माझी शाळा नववीतच सुटलेली. सध्या टोरोंटोपासून खूप लांब, उत्तरेला एका खाणीवर आहे. त्याआधी कुठेकुठे होतो ते विचारू नका. पण काकांचं जे रूप आमच्या घराने पाहिलं ते दुसऱ्या कुणी लिहिणार नाही, म्हणून बसलो.

पहिली भेट टोरोंटोच्या एटोबिको भागात, काकांच्या औषधांच्या दुकानात. आई कॅनडात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आली होती. नंतर तिने मला आणि धाकट्या प्राजक्ताला बोलावून घेतलं. आता तीच आजारी होती. डॉक्टरांच्या कागदावरचं मराठी नाव वाचून काका काउंटरच्या बाहेर आले, आईशेजारच्या खुर्चीवर बसले आणि थेट अलिबागकडच्या मराठीत सुरू झाले. काका कोकणातले मराठी ज्यू; तसं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिलो. कोणती गोळी कधी, कशाबरोबर, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आता तुम्ही मला सांगा." आई चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मागे रांग वाढत होती, काकांनी तिकडे मान वळवली नाही. समजलं का, असं ते कुणालाच विचारत नसत. त्याला सगळेच हो म्हणतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या आजारातच आई गेली. प्राजक्ता तेव्हा युनिव्हर्सिटीत सायन्सला होती, पुढे फार्मसीला जायचं होतं. पण फिजिऑलॉजी आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री या दोन विषयांत मार्क्स फार कमी पडले. दोन्ही रिपीट करावेत तर वर्ष जाणार; तसंच अप्लाय करावं तर पहिल्याच चाळणीत नाव उडणार. पोरगी जेवेना. मी म्हणालो, टाक अर्ज, होईल ते होईल. तर म्हणाली, "दादा, तू नोकऱ्या बदलतोस तसं नसतं हे." मग मीच तिला काकांच्या टोरोंटोजवळच्या व्हिटबी गावातल्या घरी नेलं. ते तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते.

मला वाटलं, काका शिफारशीसाठी कुणाला तरी फोन करतील. त्यांनी मार्कशीट हातात घेतली आणि न वाचताच टेबलावर पालथी ठेवली. "मी गिऱ्हाईक. मला यातलं काही कळत नाही. आता तू मला सांग."

पुढचे कितीतरी रविवार प्राजक्ताने काकांना शिकवलं. जन्मभर औषधं देणारा माणूस समोर बसून भोळे प्रश्न विचारायचा: किडनी थकली की गोळी अंगात का रेंगाळते? रूबीकाकू चहा देताना मला म्हणायच्या, "तू पण ऐक रे, कुठे बिघडलं?" फिजिऑलॉजी ती अशी सांगायची की मलाही कळायचं. ते मार्क्स गेले, कारण त्या टर्मला ती आईच्या उशाशी बसून, हॉस्पिटलमधूनच परीक्षेला जात होती. केमिस्ट्रीत मात्र काकांनी "असं का?" विचारलं की ती तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

एका रविवारी काकांनी मार्कशीट सुलटी केली. "फिजिऑलॉजीची तुला लाज वाटते, केमिस्ट्रीची भीती. लाजेपायी वर्ष घालवू नकोस. जिची भीती वाटते ती पुन्हा कर."

"आणि तरी नाही घेतलं तर?"

"तर निदान केमिस्ट्री येईल."

प्राजक्ता रडली, मग जेवली.

नवस फळाला आला की काकांच्या समाजात एलियाहू प्रेषितांच्या नावाने मलिदा करतात. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. पुढच्या रविवारी काकूंनी तो मांडून ठेवला होता. मी म्हणालो, अजून प्रवेश कुठे मिळालाय? काका म्हणाले, "प्रवेश कॉलेज देईल. ठरवलं तिने. आभार त्या ठरवण्याचे."

तिने केमिस्ट्री पुन्हा केली. फिजिऑलॉजीबद्दल अर्जात जे घडलं ते सरळ लिहिलं. प्रवेश मिळाला.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर आलो, तेव्हा काकांना गाडीने त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला नेलं. त्या दुकानात आता प्राजक्ता प्रशिक्षण घेते. ती काउंटरबाहेर आली, शेजारी बसली, गोळ्या समजावल्या आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, काका." काका गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखे सांगू लागले आणि संध्याकाळची गोळी विसरले. तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, मुद्दाम विसरलात ना? काकांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "मागे रांग होती. तिने वळून पाहिलं का रे?"

मी म्हणालो, नाही पाहिलं.

काका खिडकीबाहेर बघत हसले. इतकं मोठं माणूस इतकं छोटं बक्षीस घेऊन इतकं खूश होताना मी कधी पाहिलं नाही.

काका, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. शंभरीच्या ग्रंथातही मला लिहायचंय, असेन तिथून. संध्याकाळची गोळी तेवढी घेत जा. कधी घ्यायची, ते आता तुम्ही मला सांगा.