बंद नाकाला आलेला गॅसचा वास

मंडळी, आधीच सांगून टाकतो — भूतखेत, अंगात येणं, दृष्ट लागणं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात तर मानायची सोयच नाही. आई विहारात बायकांना दर रविवारी बजावते, "चमत्कार सांगणाऱ्याला आधी पुरावा मागा गं." आता मीच हे लिहायला बसलोय आणि माझ्याकडे पुरावा अर्धाच आहे.

वाळूज एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परव्हॅन बनवतो. आत पलंग, बेसिन, छोटं किचन. गॅसची लाइन टाकणं आणि लीकेज तपासणं हे माझं काम. आणि गंमत अशी की मला वासच येत नाही. कोरोनात नाक गेलं ते गेलंच. आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, चिडवतात, "आंधळ्याला राखणीला बसवलंय मालकानं." पण लीकेज नाकानं तपासायचंच नसतं. लाइनमध्ये पंपानं हवा भरायची, गेजचा काटा वीस मिनिटं बघत बसायचं, प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की लीक. नाक फसवेल, साबण नाही.

गेल्या हिवाळ्यात मालकांनी नवी डेमो गाडी दोन दिवस घरच्यांसाठी दिली. आईला अजिंठ्याची लेणी बघायची होती. सत्तरी आली तरी तिचं जाणं राहिलेलंच — कधी कुणाचं लग्न, कधी आजारपण, मग गुडघे. गाडीतच झोपायची सोय आहे म्हटल्यावर कुठे ती तयार झाली. शनिवारी संध्याकाळी मी पूर्ण टेस्ट केली. काटा तसूभर हलला नाही. मग ताई आईला गाडी दाखवायला घेऊन आली. आईनं पिशवीतून बुद्धांची तसबीर काढली आणि म्हणाली, "माझ्या उशाशी लाव." मी लावली.

रविवारी सकाळी आठला सगळे शेडवर हजर. मी गाडीत चढलो... आणि थबकलो. गॅसचा वास. तोच, कुजलेल्या कोबीसारखा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कसला तरी वास येत होता. खरं सांगतो, भीती नंतर वाटली, आधी आनंदानं डोळेच भरले. नाक आलं, नाक परत आलं! मी खाली उडी मारली, ताईच्या थर्मासमधल्या चहात नाक घातलं. काही नाही. आईचा बाम हुंगला. काही नाही. पुन्हा गाडीत चढलो तर गॅसचा वास तसाच.

"ताई, गॅसचा वास येतोय," मी म्हणालो.

"तुला?" ताई हसायलाच लागली.

दाजींनी आत येऊन दोन-तीनदा हुंगलं. "काय बी नाय. अन् टाकी तर तिकडं दारात पडलीय, सील बी निघालं नाय तिचं. तुझ्या लाइनीत नुसती हवा हाय, लेका."

खरंच होतं ते. नळी कोरी, त्यातून गॅस कधी गेलाच नव्हता. पलंगाखालचा गॅस डिटेक्टरही गप्प होता. हा गॅस जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून तो तिथं लावतात. सगळं मला समजत होतं, तरी पाय गाडीबाहेर निघेना. बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

"मी परत टेस्ट करतो."

"संजू, काल केली ना?" दाजी वैतागले. "आता करत बसलास तर भर उन्हात न्यायचं का आईंला?"

आई चप्पल घालून खुर्चीवर बसली होती. "उद्या सोमवार. लेणी बंद असत्यात. आज नाय तर राहिलंच म्हणायचं परत," ती हळूच म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो, "थांबायचं म्हणलं ना."

पंप मारला, काटा बघत बसलो. सातव्या-आठव्या मिनिटाला काटा किंचित सरकला. मग आणखी थोडा. दाजी गेजवर वाकले. मी सगळ्या जॉइंटना साबण लावला... एकही बुडबुडा नाही. शेवटी जे कधी करत नाही ते केलं — नाकामागं गेलो. किचनपाशी वास कमी. पलंगापाशी जास्त. आईच्या उशाशी, तसबिरीसमोर, डोकं गरगरेल इतका.

तसबीर उतरवली. स्क्रूच्या भोवती साबण लावला आणि बारीक फेस आला.

टेस्ट झाल्यावर गाडीत एक टाचणीसुद्धा मारायची नाही, हा शेडमधला माझाच नियम. आई म्हणाली म्हणून मी लांब स्क्रू घेतला आणि अंदाजानं प्लायवूडमध्ये मारला. मागून तांब्याची नळी गेली होती. तीही मीच नेलेली. रात्री खिडक्या लावून आई खालच्या पलंगावर झोपली असती, आणि पहाटे ताईनं चहासाठी लायटर ओढला असता. पुढचं मला आजही लिहवत नाही.

स्क्रू काढला त्याच क्षणी वास गेला. आजतागायत मला पुन्हा कसलाच वास आलेला नाही.

नळी बदलली, दोनदा टेस्ट केली, बाराला निघालो. डोलीतून आईची तीन लेणी झाली.

डॉक्टर म्हणतात, कोरोनानंतर काहींना नसलेले वास येतात. येत असतील. पण नेमका गॅसचाच का? त्याच सकाळी का, आणि त्या एका स्क्रूपाशीच का?

संध्याकाळी लेण्यांजवळ फर्दापूरला गाडीबाहेर चहा पीत बसलो होतो. आईनं विचारलं, "त्यो स्क्रू मारला कुणी?"

"मीच मारला, आई."

मला वाटलं चिडेल, नाहीतर तसबिरीनं वाचवलं म्हणेल. तिनं कप खाली ठेवला.

"मग वास तुलाच यायला पायजे व्हता," ती म्हणाली. "दुसऱ्याला कशापायी येईल?"