मरीना येणार म्हणून

माझी फजिती मीच सांगतो. खांदा कॉलनीतल्या इतरांकडून ऐकलीत तर तिला भलतंच तिखटमीठ लागलेलं असेल.

ही गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगी सुनीता नाशिकला. दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून मोबाइलवर जहाजं बघायचा नाद लागला. कुठलं जहाज कुठल्या समुद्रात आहे ते नकाशावर दिसतं. त्यातलं ‘मरीना’ नावाचं एक मालवाहू जहाज मला आवडलं. ते कुठे बांधलं, कुणी कुणाला विकलं, आधीची नावं काय, सगळं शोधून काढलं. जेवताना मोबाइल समोर ठेवून ‘आज तुझ्याकडे वादळ दिसतंय’ असंही म्हणायचो. हसू नका.

मग कळलं, मरीना शुक्रवारी आपल्याच बंदरात येतेय. मी शर्ट इस्त्री करून आणला. जिन्यात शेजारच्या जोशीवहिनींनी विचारलं, काय विशेष?

“मरीना येतेय.”

“कोण मरीना?”

कुणीतरी विचारलंय म्हटल्यावर मी थांबतो होय? “मूळची कोरियाची. पंचवीस वर्षांची आहे, पण दणकट. आत्तापर्यंत तीन मालक झाले. दर वेळी नाव बदललं बिचारीचं.”

वहिनींनी कठडा धरला. “राहणार किती दिवस?”

“एकच. सामान उतरवलं की निघाली कोलंबोला.”

बोलण्याच्या भरात ‘जहाज’ हा शब्द तेवढा राहून गेला.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, त्यांना इथे आणणार का? म्हटलं, इथे कशी आणणार, उरणला जाऊन लांबूनच बघणार. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जपा म्हणाला. मला भरून आलं.

गुरुवारी सुनीता न कळवता दारात. आईच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. भांडली नाही, काही नाही. उद्या मीही येते म्हणाली. पोरीलाही जहाजं आवडतात, या आनंदात मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

उरणच्या किनाऱ्यावर आम्ही बसलो. मी समुद्राकडे तोंड करून, ती रस्त्याकडे. सुकट विकणाऱ्या कोळीणबाईंनी विचारलं, “कोन येनार हाय का?”

“पाहुणी येणार आहे,” सुनीताने सांगितलं. मला त्या उत्तराचं कौतुकच वाटलं.

तेवढ्यात मरीना दिसली. “आली,” मी म्हणालो.

सुनीता उठून रस्त्याकडे बघू लागली. “कुठल्या रिक्षात?”

मी समुद्राकडे बोट केलं. ती बराच वेळ त्या बोटाच्या टोकाकडे बघत राहिली. मग मटकन वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

हसणं ओसरल्यावर तिने पिशवीतून मोतिया रंगाची नवी साडी काढली. “तिच्यासाठी आणली होती. बाबा, जोशीवहिनींचा फोन आला तेव्हा मला राग नाही आला. बरं वाटलं होतं.”

मी म्हटलं, परत करून टाक.

“ते परत घेत नाहीत. आता बघा तुम्हीच कुणीतरी.”

तिने साडी माझ्या मांडीवर ठेवली. सत्तरीचा मी, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर कोरी साडी घेऊन हात हलवत होतो; आणि मरीना माझ्याकडे ढुंकूनही न बघता बंदरात निघून गेली.