आत्याचा दगड, कोलारची फरशी

आमच्या आत्याकडे एक दगड आहे. लिंबाएवढा, काळपट, उजेडासमोर धरला तर कडेला डाळिंबी. बेंगळुरूत, बसवनगुडीच्या एका शाळेत तिनं आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी मुलींना सांगितलं, हा प्रुस्टाइट, चांदीचं दुर्मीळ खनिज. आता शहात्तराव्या वर्षी तो शाळेला द्यायचा म्हणून तिनं चिठ्ठी लिहिली आणि मला तपासायला दिली. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. सवयीनं विचारून बसले, "हे नाव कुणी ठरवलं?"

"ज्यांनी दगड दिला त्यांनी."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

आत्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, खोटं नाव असेल तर दगड देणार नाही, चल. म्हणून आम्ही कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावाला निघालो. तिथे खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले सेल्वम अण्णा राहतात, ओळखीतल्या ओळखीचे.

जाणाऱ्यांसाठी: मारिकुप्पमची सकाळची पॅसेंजर घ्या. नोकरदारांचे लोंढे त्या वेळी उलट, बेंगळुरूकडे येत असतात, त्यामुळे तुम्हाला आख्खं बाकडं मिळतं. तिकीट मसाला डोशाहून स्वस्त. डबा घरचा घ्या. आमच्याकडे इडली आणि चटणीपूड होती. दगड आत्याच्या मांडीवर, काळ्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात. समोरच्या अक्कांनी प्रसाद आहे का विचारलं. आत्या म्हणाली, संध्याकाळी कळेल.

बंगारपेटला उतरून पाणीपुरी खाल्लीच पाहिजे. तिथलं पाणी स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं दिसतं, आणि पहिल्या घोटाला कानातून वाफ निघते. दिसण्यावर जाऊ नये, असं मी म्हटलं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची पुरी मी गप्प खाल्ली.

पुढे रिक्षा. खाणीतून उपसलेल्या दळलेल्या दगडाचे राखाडी डोंगर, बंद पडलेल्या यंत्रांचे मनोरे, आणि मधेच अण्णांचं छोटं कौलारू घर, दारात जास्वंद. अण्णांनी आधी कॉफी दिली, मग दगड तळहातावर तोलला. "जड आहे," ते खुशीत म्हणाले. मग त्यांनी समजावलं. कन्नड त्यांची, मराठी माझी: नुसत्या धातूचं गंधकाशी जमलं तर ते साधं सल्फाइड. मध्ये आर्सेनिक किंवा अँटिमनी हा तिसरा बसला की सल्फोसॉल्ट. चांदीबरोबर आर्सेनिक असेल तर प्रुस्टाइट, अँटिमनी असेल तर पायरार्जिराइट. दिसायला सख्ख्या बहिणी, दोघी मऊ, दोघी उजेडात काळवंडणाऱ्या. ओळख पटते ती भुकटीच्या रंगावरून. पहिलीची शेंदरी, दुसरीची जांभळट लाल.

न्हाणीघराची तुटकी फरशी त्यांनी उलटी केली. दर्शनी बाजू खराब होऊ नये म्हणून दगडाचा खालचा, खाचेचा कोपरा खरबरीत पाठीवर ओढला.

शेंदरी रेघ. लखलखीत.

आत्यानं टाळीच वाजवली. अण्णांच्या बायकोनं म्हैसूरपाक आणला. मी तीन फोटो काढले. शहात्तर वर्षांची बाई खुर्चीत पाय हलवत होती, आणि मीही उगाचच हसत होते. हसता हसता मला त्या रेघेचा रंग कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

गेल्या महिन्यात आयुधपूजा झाली. आत्यानं मिक्सर, स्कूटर, माझा लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू लावलं. दगडालाही. ताट मीच धरलं होतं.

बोलावं का? खोलीत मला एकटीलाच ते आठवलं होतं. म्हैसूरपाक तोंडात होता, तो संपेपर्यंत मी भित्री होते, हे लिहून ठेवते. मग म्हटलं, "आत्या, खाचेत कुंकू असेल."

आत्याचे पाय थांबले. ती अण्णांच्या बायकोकडे वळली. "लिंबू आहे का, स्वल्प?"

तिचं कुंकू घरचं, हळदीचं. त्यावर लिंबू पडलं की काय होतं, हे तिनंच पिढ्यान्‌पिढ्या मुलींना दाखवलेलं. थेंब पडला आणि रेघ पिवळी झाली.

अण्णांनी जुन्या टूथब्रशनं दगड धुतला, खाच टोकरली, पुसला, पुन्हा धुतला. फरशीच्या पाठीचाच कोरा भाग पुढे केला. आत्या म्हणाली, "मला द्या." तिनं स्वतः ओढली.

रेघ लालच उमटली, पण गडद, जांभळाकडे झुकलेली. आत्यानं त्यावर लिंबू पिळलं. हलली नाही. पुन्हा पिळलं.

"दुसरी बहीण," अण्णा म्हणाले. "पक्कं करायला यंत्र लागेल. पण माझा हात एवढा चुकत नाही."

"म्हणजे मी जन्मभर बहिणीच्या नावानं हाक मारली," आत्या म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते परतीच्या गाडीत व्हाइटफील्डपर्यंत अधूनमधून फुटत राहिलं.

फरशी मी मागून आणली. माझ्या टेबलावर आहे, एक पिवळी रेघ, एक लाल.

घरी आल्याबरोबर आत्यानं चिठ्ठी फाडली, नवी लिहिली: पायरार्जिराइट असावा, तपासणी फरशीवर. मग जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर चूक कबूल करणारा लांबलचक निरोप टाकला आणि फोन हातात धरून बसली. पहिलं उत्तर आलं ते मला वाचून दाखवलं: "मिस, मला दोन्ही नावं आठवत नाहीत. पण दगड काळा पडेल म्हणून तुम्ही वर्गाचे पडदे ओढायचात, आणि आम्ही सगळ्या अंधारात श्वास रोखून बसायचो."

आत्यानं चष्मा पुसला.

"पडदे बरोबर होते," ती म्हणाली. "दोघींनाही लागतात."