खंडेनवमीचा गरम डायनामो

माझ्यासारखा हेकट मिस्त्री येरमाळ्यात दुसरा नव्हता, हे आज मान्य करतो. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर पान्हा फेकून मारला असता. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावात मोटार एकच, मी ज्यांच्याकडं कामाला होतो त्या मालकांची, काळी आणि म्हातारी. ती चालती ठेवणं माझं काम. त्या साली नवरात्रात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईण रोज यायची, पोट चाचपायची आणि काही न बोलता हात धुऊन निघून जायची. तिचं ते गप्प राहणं मला आवडत नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी आईनं माझी सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली. पान्हे, पक्कड, पेचकस, हातोडी. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं न्हाय, ही आमची रीत. मागल्या साली मालकांच्या सालगड्यानं त्या दिवशी विळा उचलला, तर मीच त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो होतो.

पूजा आटोपून मालकांच्या गोठ्यात गेलो, मोटार तिथंच उभी असायची. गाडी दसऱ्यासाठी धुवायची होती. फडकं मारताना भोंगा दाबला गेला आणि घसा बसल्यासारखा वाजला. बॉनेट उचललं, डायनामोला हात लावला, तर गरम. गाडी आदल्या संध्याकाळपासून जागची हललेली नव्हती.

याचा अर्थ कळायला फार अक्कल लागत न्हाय. इंजिन फिरतं तेव्हा डायनामो बॅटरी भरतो. इंजिन बंद झालं की मधली कटआउटची डबी दोघांतली वाट तोडते. त्या डबीतल्या दोन टिकल्या एकमेकींना चिकटल्या, की बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होत राहते आणि डायनामो आतल्या आत जळत जातो. इलाज पाच मिनिटांचा. डबीचा स्क्रू काढायचा, टिकल्या सोडवायच्या, साफ करायच्या. पण पेचकस पाटावर होता, कुंकू लावून.

मी स्वतःला सांगितलं, ऊन लागलं असंल बॉनेटला. त्या गोठ्यात ऊन येत नव्हतं. बॉनेट मिटलं, घरी आलो आणि कडाकण्या खाल्ल्या.

दुपारी बहिणीला कळा सुरू झाल्या. थोड्या वेळानं सुईण बाहेर आली. आज ती बोलली. "लेकरू आडवं हाय. माझ्या हातचं न्हाय हे. बार्शीला न्या, आत्ताच्या आत्ता."

बस कधीच गेली होती. मी मालकांकडं धावलो. "इचारतोस काय? काढ गाडी," मालक म्हणाले.

सकाळचा गरम डायनामो आठवला. तरी वाटलं, दिवसाउजेडी दिवे लावायचे न्हाईत, इंजिनातल्या नुसत्या ठिणगीला बॅटरी कितीशी लागती? बार्शी गाठू. स्टार्टरचं बटण दाबून काही झालं न्हाय. हँडल मारलं, तेव्हा चौथ्या झटक्याला इंजिन धरलं. आता तरी टिकल्या बघाव्यात, असं मनात आलं. पण आई बहिणीला घेऊन दारात उभी होती आणि मला थांबायचं कारण सांगायचं नव्हतं.

समोरच्या पट्टीवर चार्जिंगचा काटा होता. उजवीकडं झुकला तर बॅटरी भरतीय, डावीकडं झुकला तर रिकामी होतीय. तो डावीकडं होता. मी इंजिन रेटलं, उतारावर पळवलं, काटा डावीकडंच. म्हणजे डायनामो गेलेला होता, आणि बॅटरीत उरलं होतं तेवढ्यावरच आमची चाल होती. मी रस्ता कमी आणि तो काटा जास्त बघत होतो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, माणूस कुठं दिसत नव्हतं.

सात-आठ मैलांवर इंजिन ठसकलं. पुन्हा धरलं, पुन्हा ठसकलं आणि चढावर गप्प झालं. हँडल मारून मारून तळहाताची सालं निघाली. ठिणगीच नव्हती, हँडल काय करणार?

"दादा, थांबली का रं?" आईच्या मांडीवरून बहिणीनं विचारलं.

"गरम झालीय. जरा थंड झाली की निघू."

"बरं," ती म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

तासाभरानं एक बैलगाडी आली. बहिणीला तिच्यात घातलं. मी बाजूनं चालत होतो. चाकांच्या खडखडाटात तिचं कण्हणं ऐकू येत होतं, तोवर मला धीर होता. मग ते कमी कमी होत गेलं. दिवस मावळायला बार्शीची घरं दिसू लागली, तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलं. गाडीवानानं आपण होऊन बैल थांबवले. माझी बहीण गेली, आणि तिच्या पोटातलं लेकरूही गेलं.

दुसऱ्या दिवशी परंड्याकडच्या खेड्यातून दाजी आले. साधा माणूस, शेती करणारा. ओसरीवर माझ्याजवळ बसले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आई ऐकत होती, मालक ऐकत होते.

"दादा, आमच्याकडं असती तर तिला मोटार कुठली मिळाली असती? तुम्ही हुता म्हणून तेवढं तरी झालं. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत."

डायनामोचं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"माझं कामच हुतं ते, दाजी," मी म्हणालो.