निळा हात

कर्करोगाने माझा उजवा स्तन नेला, आणि काखेतल्या गाठी काढल्यावर जणू भरपाई म्हणून उजवा हात दुप्पट केला. लसिकेचं, म्हणजे लिम्फचं, पाणी वर चढायला वाटच राहिली नाही, म्हणून ते हातातच मुक्काम ठोकून बसलं. बरकतपुऱ्याचा शिंपी माप घेताना म्हणाला, "अम्मा, इस हात कू अलग ब्लाउज लगता!" गल्लीतल्या बायका हत्तीरोग म्हणत. मी म्हणे, हत्ती तर हत्ती, पण मग सोंड फळ्यापर्यंत पोचायला नको?

खरं दुखणं तेच होतं. नारायणगुड्याच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जमत नसेल तर ऑफिसात बसा." ऑफिसात! प्रेक्षकांशिवाय मी? त्यापेक्षा कर्करोग बरा होता.

तेव्हा शहरात नवी खासगी हॉस्पिटलं उगवत होती, विमानतळासारखी चकचकीत. त्यातल्या एकात परदेशी सूक्ष्मदर्शकवाले तेलुगू सर्जन होते. केसाएवढ्या लसिकावाहिन्या शिरांना जोडायच्या आणि पाणी रक्तात वळवायचं, असं त्यांनी समजावलं. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात.

"व्हॉल्व्ह बसवणार का?" यांनी विचारलं.

"शिरेत असतोच," सर्जन म्हणाले. हे खूश.

ऑपरेशनच्या दिवशी वाहिन्या दिसाव्यात म्हणून सर्जननी माझ्या बोटांच्या बेचक्यांत निळा रंग टोचला. मला स्ट्रेचरवरून नेताना यांनी तो हात पाहिला. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा यांच्याच खांद्यावर. चेहरा असा उजळला म्हणता!

"अगं, डॉक्टर आपले आहेत!"

"अहो, तो नुसता रंग आहे."

"तेच म्हणतोय मी! हिरवा होता, लाल होता. निळाच का घेतला?"

आणि थिएटरच्या दारात यांनी सर्जनचे नुकतेच धुतलेले हात दोन्ही हातांत धरून मिरवणुकीतली घोषणा दिली, पूर्ण आवाजात. सर्जन "थँक्यू, थँक्यू" म्हणत पुन्हा हात धुवायला गेले. यांचं तोंड पडलं. पुन्हा हात धुण्यात जातीचं काही नव्हतं, जंतूंचं होतं. पण ते पटवायला बेशुद्ध होण्याआधी मला वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी निळसर हिरवी झाली. मी यांना बोलावून म्हटलं, "रुसू नका, बघा, आतूनसुद्धा आपलीच आहे." नर्स हसत बाहेर पळाली.

हात उतरला, सगळा नाही. घट्ट इलॅस्टिकची बाही अजून घालावी लागते. पण शाळेत परतले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी खडू घेतला आणि हात उचलला. खांद्यात कळ आली, तशीच गिळली. अगदी वरच्या कडेपासून कविता लिहीत गेले, फळा खालपर्यंत भरला.

"टीचर, इत्तं कायकू लिहिताय? बस की!" पुढच्या बाकावरची मुलगी कुरकुरली.

मी फळा पुसला आणि पुन्हा वरून सुरू केलं.