तांबड्याचं नाव
कडुनिंबाचा पाला जाळल्याचा धूर आला की पोंभुर्ण्याकडच्या जंगलातला तो उघडा गोठा आठवतो. ऐंशीच्या दशकात गावोगाव फिरून मी सरकारसाठी गुरांच्या जातींची यादी करायचो. जर्सीचा संकर वाढवायचा म्हणून गावठी वळू खच्चीकरणासाठी वेगळे लिहायचे. त्या गोठ्याच्या लाकडी कुंपणाला एकच फट होती. आत शिरून तांबड्या वळूची नोंद केली आणि वळलो, तर तोच फटीत आडवा उभा. मी सरकलो की तोही शिंगं खाली घालून सरके. पाठीला लाकडं टोचत होती, धुराने डोळे चुरचुरत होते. बाहेर म्हातारा मालक बिडी ओढत बसला होता. "बाबा, हाकला ना याला!" "काऊन साहेब? त्याले खच्ची कराले लिवलं, आता तो काय तुमच्या पाया पडन?" "मारेल तो मला!" "मंग त्याचं नाव काटा. मले वाचता येते." मी ती ओळ खोडली आणि वही उंच धरून दाखवली. त्याने नुसतं "ये रे राजा" म्हटलं, तसा वळू वासरासारखा त्याचा हात चाटायला गेला. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर खोडलेली ओळ एकच. बाकीच्या वळूंचे मालक त्या दिवशी शेतावर गेले होते.